जॉन न्यूटन : गुलामांचा व्यापारी व सुवार्तेचा सेवक

ज्यानें दारूनें वा जुगारानें स्वतःचें घर बुडविलें, बायकोलेंकरांस उपाशी ठेविलें आणि दुसऱ्यांसही आपल्या वाटेस ओढिलें, अशा मनुष्यास देव क्षमा करितो काय, असा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत उपदेशकांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. क्षमा झाली तर झालेल्या नुकसानीचें काय, हा दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतो. या दोहोंचा विचार करितांना इंग्लंडांतील जॉन न्यूटन याचें चरित्र फार उपयोगी आहे.

न्यूटनचा जन्म लंडन शहरीं ता. २४ जुलै १७२५ रोजीं झाला. बाप व्यापारी जहाजाचा कप्तान होता. आई भक्तिमान होती. तिनें लहानपणींच त्याला शास्त्रवचनें व गीतें तोंडपाठ करविलीं. परंतु तो सात वर्षांचाही झाला नव्हता तोंच ती क्षयानें वारली. अकराव्या वर्षीं तो बापाबरोबर समुद्रावर जाऊं लागला व पुढें वाईट संगतीनें बिघडला. १७४४ सालीं त्याला बळजबरीनें आरमारांत भरती करण्यांत आलें. तेथून तो पळाला, धरला गेला, व सर्वांदेखत फटके खाऊन खालच्या दर्जास उतरला. देवाची निंदा तर तो अशी करी कीं, मुरलेल्या खलाशांनींही कानांवर हात ठेवावे. त्याच जहाजावर जोब लुईस नांवाचा एक सरळ तरुण होता. न्यूटननें वाद घालून व थट्टा करून त्याची श्रद्धा मोडून टाकिली.

पुढें तो आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीस राहिला. तेथें आजारी पडल्यावर त्याला गुलामासारखेंच वागविण्यांत आलें. पोटभर अन्न नाहीं, अंगावर धड वस्त्र नाहीं. शेवटीं बापानें ज्या कप्तानास शोध करण्यास सांगितलें होतें, त्याच्या जहाजावरून तो घरीं निघाला. मार्च १७४८ मध्यें अटलांटिक महासागरांत मोठें वादळ होऊन जहाज फुटलें व पाणी आंत शिरलें. न्यूटन कित्येक तास पाणी उपशीत होता. मग त्यानें सुकाणूं धरिलें. मरण समोर असतां आईनें शिकविलेलीं वचनें त्याला आठवलीं आणि त्यानें देवाची दया भाकिली. सुमारें चार आठवड्यांनीं जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागलें. वादळाचा तो दिवस पुढें तो दरवर्षीं उपकारस्तुति करून पाळीत असे.

मनुष्य बदलला, आतां गोष्ट संपली, असें कोणास वाटेल. परंतु ती संपली नाहीं. शिव्याशाप सुटले, प्रार्थना सुरू झाली. तरी १७५० पासून १७५४ पर्यंत त्यानें गुलामांच्या जहाजांचा कप्तान होऊन तीन सफरी केल्या. आपल्या यवतमाळकडे जिनांत कापूस दाबून गाठी रचतात, तशीं त्या जहाजांच्या पोटांत माणसें खेटून ठेवीत. पुरुषांच्या पायांत बेड्या असत. पुष्कळ वाटेंतच मरत. जे वांचत ते वेस्ट इंडीज बेटांत किंवा अमेरिकेंत मळ्यांवर विकले जात. खालीं हें चाललें असतां वर न्यूटन शास्त्र वाचीत असे! धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठित लोक तो करीत, म्हणून त्यांतलें पाप त्याला दिसलें नाहीं. समुद्र सोडला तोही आजारपणामुळें.

याच सफरींच्या दिवसांत जोब लुईस त्याला पुन्हां भेटला. न्यूटननें त्याला बरोबर घेतलें व परोपरीनें समजाविलें. पण स्वतः पेरलेलें विष त्याला उपटतां आलें नाहीं. लुईस आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तापानें आजारी पडून निराशेंतच मेला. न्यूटनला क्षमा मिळाली होती, तरी लुईस परत मिळाला नाहीं.

नंतर न्यूटन लिव्हरपूल बंदरांत सरकारी नोकरींत राहिला. तेथें त्यानें ग्रीक व इब्री भाषांचा अभ्यास केला. १७६४ सालीं तो ऑल्नी गांवीं पाळक झाला. कवी कूपर याच्यासह रचिलेला त्याचा गीतसंग्रह १७७९ सालीं निघाला. देवाच्या अद्भुत कृपेविषयींचें त्याचें गीत आज जगभर गातात. १७८० पासून तो लंडनांत सेवा करूं लागला. विल्यम केरी हिंदुस्थानास येण्यापूर्वीं त्याला भेटून गेला होता. त्याच केरीच्या श्रीरामपूर येथील छापखान्यांत १८११ सालीं मराठी नवा करार छापून निघाला.

असा मान मिळाल्यावर जुनें पाप झांकून ठेवणें सोपें होतें. परंतु १७८८ सालीं, जहाज सोडून ३४ वर्षें लोटल्यावर, न्यूटननें पुस्तक छापून गुलामांच्या व्यापाराचें सर्व क्रौर्य उघड केलें. त्यांत स्वतःचा हात होता, हें त्यानें लाजेनें कबूल केलें व इतका काळ गप्प राहिल्याचाही दोष पत्करिला. सरकारी चौकशींत त्यानें साक्ष दिली. विल्बरफोर्स नांवाचा पार्लमेंटाचा सभासद त्या व्यापाराविरुद्ध झगडत होता. त्याला न्यूटननें धीर दिला. ता. २५ मार्च १८०७ रोजीं ब्रिटिश साम्राज्यांत तो व्यापार बंद करणारा कायदा मंजूर झाला. त्याच वर्षीं ता. २१ डिसेंबर रोजीं, दृष्टि जवळजवळ गेलेली असतां, वयाच्या ८२ व्या वर्षीं न्यूटन प्रभूकडे गेला.

वाचकहो, देवानें त्या निंदकाची हांक वादळांतच ऐकिली. त्याची योग्यता ठरेपर्यंत तो थांबला नाहीं. म्हणून मंडळीच्या दाराशीं रडत आलेल्या दारुड्यास कोणीं हांकून देऊं नये. परंतु त्याची गोष्ट एका रात्रींत संपली, असेंही उपदेशकांनीं त्यास सांगूं नये. जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें. तसेंच ज्यानें बायकोस मारिलें त्यानें तिच्यापुढें आपला दोष कबूल करावा व हात आवरावा. ती लगेच विश्वास ठेवीत नाहीं म्हणून रागावूं नये. ज्यानें शेजाऱ्यास दारू शिकविली त्यानें त्याच शेजाऱ्याच्या घरीं जावें. कदाचित् तो ऐकणार नाहीं, जसें लुईसनें ऐकिलें नाहीं. तरी जावें; आणि उशीर झाला असेल तर आजच जावें.