रमाबाई सभेला गेल्या तेव्हा

आमच्या बेलापुरात एखादं व्याख्यान ठरलं की मी घरोघर सांगत फिरते. बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती वाजता सुटणार? वक्ता कोण, विषय काय, हे सगळं नंतर. त्यांचंही खरं आहे. संध्याकाळी सहा ते आठ म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ. सासूबाईंना काय सांगायचं, मुलांकडे कोण बघणार? कार्यक्रम श्रीरामपूरला असेल तर परतीच्या रिक्षाचा घोर वेगळाच. पण मैत्रिणींनो, सभेला जाण्यासाठी घरच्यांची बोलणी खाणं हे काही आपल्यापासून सुरू झालेलं नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीलाही ते चुकलं नव्हतं.

रमाबाई रानडे म्हटलं की अनेकींना 2012 मध्ये सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका आठवेल. त्यातली परकरी रमा सगळ्यांची लाडकी झाली होती. खऱ्या रमाबाई सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या, माहेरच्या कुर्लेकर. (पुढे यशवंतराव चव्हाणही याच गावी जन्मले.) मुलींना अक्षर शिकवायची त्या घरात पद्धत नव्हती. 1873 साली माधवराव रानड्यांशी त्यांचं लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि ते तिशी ओलांडलेले बिजवर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माधवरावांनी वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून कुमारिकेशी लग्न केलं म्हणून त्यांच्यावर खूप टीका झाली. मला विचाराल तर ती योग्यच होती. पण लग्न होताच त्यांनी बायकोच्या हाती पाटी दिली, हेही तितकंच खरं.

मराठी झालं, मग इंग्रजी सुरू झालं. माधवरावांची बदली नाशिकला झाली, तेव्हा रमाबाई हळदीकुंकवाला बायकांना बोलवत आणि सीता, सावित्रीच्या गोष्टी सांगत. मला ही युक्ती फार आवडते. हळदीकुंकवाला जायला कुठली सासू नाही म्हणेल?

पुण्यात मात्र हे सोपं नव्हतं. 1875 साली माधवरावांनी तिथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दीडशे वर्षं होत आली तरी तिचं नाव टिकून आहे. पण सभेला जाणाऱ्या सुनेला घरातच विरोध होता. 1882 साली पंडिता रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज निघाला, आणि आमच्या रमाबाई त्या सभांना जाऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. टोमणे, अबोला सगळं झालं. मुलींचं हायस्कूल व्हावं म्हणून गव्हर्नरसाहेबांसमोर भर सभेत त्यांनी इंग्रजीतून मागणीचं निवेदन वाचलं, त्या दिवशी तर घरी मोठाच गहजब झाला. निवेदन लिहून दिलं होतं नवऱ्याने. बोलणी मात्र खाल्ली ती वाचणारीने. 1884 साली ते हायस्कूल निघालं. तीच पुण्याची हुजूरपागा.

1893 साली माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला हललं. मुंबई म्हणजे मराठी, गुजराती, पारशी, सिंधी, नाना समाजांचं शहर. तिथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब काढला. भाषा, शिवण, असं बरंच काही तिथे शिकवलं जाई. बायकांनी एकत्र बसून ऐकावं, बोलावं, याची सवय लागली ती अशा ठिकाणी.

1901च्या जानेवारीत माधवराव गेले. रमाबाई पुण्याला परतल्या आणि वर्षभर जवळजवळ घरातच राहिल्या. त्या काळी विधवेने समोर यायचंच नसे. पण 1904 साली मुंबईत भारत महिला परिषद भरली आणि अध्यक्षपदी या विधवा बाई बसल्या. 1908 साली मुंबईत सेवासदन निघालं. बेहरामजी मलबारी पारशी, दयाराम गिडुमल सिंधी आणि अध्यक्षा रमाबाई मराठी! दार सर्व धर्मांच्या बायकांना उघडं होतं. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदनचं काम त्यांनी स्वतःच्या घरी सुरू केलं.

याच सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातली गोष्ट. सभागृह भरलेलं, वर गॅलरीत कॉलेजचे विद्यार्थी. बक्षीस घ्यायला एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेली, अंगावर लाल आलवण. ती दिसताच वरून हुल्लड सुरू झाली. त्या बाईला काय वाटलं असेल! घराबाहेर पडायलाच तिला केवढं बळ लागलं असेल, आणि समोर हे शिकलेले तरुण दात काढताहेत. समारंभ संपता संपता रमाबाई उठल्या. शांत स्वभावाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईंनी त्या मुलांची भर सभेत चांगलीच हजेरी घेतली. दुष्ट रूढीची बळी झालेल्या आपल्याच बहिणीला हसणारे तुम्ही स्वतःला सुशिक्षित कसे म्हणवता, असा त्यांचा रोख होता. सभागृह चिडीचूप झालं. एकेकाळी दुसऱ्याने लिहिलेलं निवेदन वाचणाऱ्या रमाबाई त्या दिवशी आपल्याच शब्दांत बोलल्या.

सेवासदनमधून विधवा स्त्रिया नर्सिंग शिकल्या. चांगल्या घरच्या बाईने परक्या रोग्याला हात लावायचा, ही कल्पनाच तेव्हा लोकांना सहन होत नव्हती. रमाबाई घरोघर जाऊन समजूत घालत. मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं म्हणून त्या झटल्या, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही झटल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना त्या भेटायला जात. 1924 साली त्या गेल्या.

1910 साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. वाचनालयात मिळालं तर जरूर घरी न्या. सभेहून परतल्यावर स्वयंपाकघरात काय काय ऐकावं लागलं, ते त्यांनी काही न लपवता लिहिलंय.