दादाभाई नौरोजी आणि लंडनचा फिन्सबरी सेंट्रल मतदारसंघ



दादाभाई नौरोजींवर भाषण लिहून द्या म्हटलं की आपल्याकडे ठरलेली चार वाक्यं येतात. जन्म 4 सप्टेंबर 1825, भारताचे पितामह, संपत्ती वहनाचा सिद्धांत, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद. त्यातल्या शेवटच्या वाक्यापाशी मुलं थांबतच नाहीत. आपलं राज्य नव्हतं, आपल्याला इथे मत नव्हतं, मग मुंबईचा एक पारशी माणूस लंडनमध्ये निवडून कसा आला? त्याला मतं कुणी दिली? वर्गात एखादं चौकस मूल हे विचारतंच. म्हणून आज तेवढाच भाग जरा सविस्तर सांगते.

आधी दादाभाईंविषयी थोडं. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी वाढवलं. त्या स्वतः शिकलेल्या नव्हत्या, पण मुलाला शाळेत घातलं. ती शाळा विनाशुल्क होती, आणि फी असती तर आपलं शिक्षण झालंच नसतं, याची जाणीव दादाभाईंना शेवटपर्यंत होती. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा ते लोकांना परत द्यायचं, असा त्यांचा सरळ हिशोब. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणित आणि विज्ञान शिकवू लागले. तिथले ते पहिले भारतीय प्राध्यापक. म्हणजे मुळात ते आपल्यातलेच, मास्तर! 1849 मध्ये मित्रांसोबत त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, मराठी आणि गुजराती दोन्ही. पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांची शाळा नुकतीच सुरू झाली होती, तोच हा काळ. मुली मिळाव्यात म्हणून ही तरुण मंडळी घरोघर फिरून पालकांना समजावत. पटनोंदणीच्या दिवसांत दारोदार फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको.

1855 मध्ये ते कामा कंपनीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. व्यापार केला, विद्यापीठात गुजराती शिकवलं, हिंदुस्थानच्या गरिबीचे आकडे गोळा केले. हिंदुस्थानबद्दलचे मोठे निर्णय लंडनच्या पार्लमेंटमध्ये होतात आणि तिथे हिंदुस्थानचा एकही माणूस नाही, ही गोष्ट त्यांना सलत होती. मग तिथेच शिरायचं असं त्यांनी ठरवलं. साठी ओलांडल्यावर! हे वय मुलांना जरूर सांगा.

आता मतदारसंघाकडे येऊ. लंडन शहरात फिन्सबरी नावाचा जुना मतदारसंघ होता, 1832 पासूनचा, दोन सभासद निवडून देणारा. सुधारणावादी माणसांना निवडून देण्याबद्दल त्याची ख्याती होती. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक सुरू करणारे डॉक्टर थॉमस वॅक्ली इथलेच खासदार. 1885 मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली आणि या जुन्या मतदारसंघाचे तुकडे पडले. त्यातला एक होलबर्न, एक फिन्सबरी सेंट्रल. दादाभाई लढले ते आधी होलबर्नमधून आणि मग फिन्सबरी सेंट्रलमधून. म्हणजे खरं तर एकाच जुन्या मतदारसंघाच्या दोन फाळ्यांतून.

होलबर्नची निवडणूक 1886 ची. दादाभाई काही महिन्यांपूर्वीच मुंबईहून आलेले, ओळखीपाळखी कमी. त्यातच आयर्लंडला स्वराज्य द्यावं की नाही यावरून त्यांचा लिबरल पक्ष फुटलेला. दादाभाईंना 1950 मतं पडली, विरोधी डंकन यांना 3651. सपशेल हार.

विशेष गोष्ट दोन वर्षांनी घडली. 1888 मध्ये एडिंबरोच्या सभेत खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी होलबर्नच्या निकालाबद्दल बोलले आणि दादाभाईंचा उल्लेख त्यांनी काळा माणूस असा केला. इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देण्याइतके अजून पुढे आलेले नाहीत, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यावर इंग्लंडमध्येच गहजब झाला. वर्तमानपत्रांनी पंतप्रधानांना धारेवर धरलं, दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, आणि ज्यांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ते पाठ झालं. माझ्या मते मुलांना इथे दोन्ही बाजू सांगाव्यात. अपमान करणारे इंग्रज होते, तो सहन न होणारेही इंग्रजच होते.

आता फिन्सबरी सेंट्रल. हा भाग म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल. घड्याळं बनवणारे, छापखान्यातले कामगार, छोटे दुकानदार, दाटीवाटीची घरं. 1885 च्या पहिल्या निवडणुकीत इथे लिबरल पक्षाचे स्पेन्सली आले. 1886 मध्ये जागा पलटली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कॅप्टन पेंटन आले. जवळच्या पेंटनविल या वस्तीला ज्या जमीनदार घराण्याचं नाव आहे, त्याच घराण्यातले हे. म्हणजे दादाभाई ज्यांच्याशी लढणार होते, त्यांचं आडनाव तिथल्या वस्तीलाच दिलेलं!

मतदार कोण? फक्त पुरुष, तेही घर चालवणारे किंवा ठरावीक भाडं भरणारे, एका जागी वर्षभर राहिलेले. भाडेकरूने खोली बदलली तर यादीतून नाव जायचं. देशभरात 10 प्रौढ पुरुषांत साधारण 6 जणांनाच मत होतं. बायकांना अजिबात नाही. आणि खासदाराला पगार नव्हता, तो 1911 मध्ये सुरू झाला. दादाभाईंनी स्वतःचे पैसे आणि हिंदुस्थानातल्या मित्रांची व काही संस्थानिकांची मदत यांवर किल्ला लढवला. खुद्द स्वपक्षातूनही उमेदवारीसाठी बराच काळ ओढाताण चालली. दादाभाई मागे हटले नाहीत. वर्षानुवर्षं तिथे सभा घेत राहिले, कामगारांच्या मागण्या, आयर्लंडचं स्वराज्य, स्त्रियांचा मताधिकार यांवर बोलत राहिले. फक्त हिंदुस्थानचं गाऱ्हाणं मांडत बसले असते तर क्लार्कनवेलच्या घड्याळवाल्याने मत का दिलं असतं?

जुलै 1892 मध्ये मतदान झालं. दादाभाई पहिल्या मोजणीत 5 मतांनी आणि फेरमोजणीत 3 मतांनी विजयी झाले. 2959 विरुद्ध 2956. पेंटन यांनी अर्ज करून निकालाला आव्हान दिलं, पण जागा दादाभाईंकडेच राहिली. त्यांच्या नावाची गंमत करून लोक त्यांना इंग्रजीत ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे निसटत्या बहुमतवाला, म्हणू लागले. चौथी-पाचवीच्या वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहा आणि विचारा: दादाभाईंच्या बाजूची किती माणसं पेंटनकडे वळली तर निकाल पालटेल? बरीच मुलं 3 म्हणतात. 2 पुरतात, हे कळायला त्यांना थोडा वेळ लागतो. दादाभाईंच्या मतदारांपैकी दोघं जण पेंटनकडे गेले असते, तरी आपल्या पुस्तकात ते वाक्य आलं नसतं.

पार्लमेंटमध्ये त्यांनी काय केलं? सनदी नोकरीची परीक्षा तेव्हा फक्त इंग्लंडमध्ये व्हायची. आपल्याकडच्या किती घरांना मुलाला समुद्रापार पाठवणं परवडणार? ती परीक्षा एकाच वेळी हिंदुस्थानातही घ्यावी, हा ठराव जून 1893 मध्ये हर्बर्ट पॉल यांनी मांडला, दादाभाईंनी त्याला जोर लावला, आणि तो 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. मंजूर झालेला ठराव तसाच पडून राहणं आपल्यालाही अनोळखी नाही म्हणा! त्याच वर्षाअखेरीस लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते मायदेशी आले तेव्हा मुंबईत स्वागताला अलोट गर्दी लोटली होती.

1895 मध्ये फिन्सबरी सेंट्रल पुन्हा पलटला आणि कॉन्झर्व्हेटिव्ह मॅसी-मेनवेअरिंग आले. दादाभाई हरले. त्याच निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीन ईशान्य भागातून दुसरे मुंबईकर पारशी मंचरजी भावनगरी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षातर्फे निवडून आले, पण ते इंग्रज राजवटीचे पाठीराखे. मंडळी, निवडून येणारा माणूस आपल्यातला आहे एवढ्यावरून तो काय बोलेल हे ठरत नाही. दादाभाईंनी काम सोडलं नाही. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगात ते बसले, 1901 मध्ये गरिबीवरचं मोठं पुस्तक छापलं. 1906 मध्ये लंडनच्याच नॉर्थ लॅम्बेथमधून पुन्हा उभे राहिले, ऐंशीव्या वर्षी, आणि पडले. त्याच वर्षी कलकत्त्याला तिसऱ्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

फिन्सबरी सेंट्रल 1906 मध्ये कामगार नेते स्टेडमन यांच्याकडे गेला आणि 1910 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह आर्चर-शी यांच्याकडे. 30 जून 1917 रोजी दादाभाई मुंबईत वारले. पुढच्याच वर्षी त्यांचा मतदारसंघही नकाशावरून गेला, शेजारच्या भागांत मिसळून नुसता ‘फिन्सबरी’ झाला. डिसेंबर 1918 च्या त्या निवडणुकीत तीस वर्षांवरील काही अटींत बसणाऱ्या स्त्रियांनी तिथे पहिल्यांदा मत दिलं. क्लार्कनवेलमध्ये आज नौरोजी स्ट्रीट नावाची एक छोटी गल्ली आहे, आणि आपल्या मुंबईत फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता, ज्याला सगळे डी. एन. रोड म्हणतात. सहल मुंबईला गेली तर फ्लोरा फाउंटनजवळचा त्यांचा पुतळा मुलांना दाखवा.