वेगळ्या पिल्लाचा जन्मदाता : हॅन्स ख्रिश्चन अँडरसन



बदकांच्या पिल्लांमध्ये एकट्या पडलेल्या त्या पिल्लाचं गाणं आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेलं आणि आशा भोसले यांनी गायलेलं हे गाणं बालवाडीच्या वर्गापासून स्नेहसंमेलनापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. पण त्या पिल्लाचं मूळ गाव डेन्मार्क देशात आहे आणि त्याच्या जन्मदात्याचं नाव हॅन्स ख्रिश्चन अँडरसन. त्यांचा जन्मदिवस, म्हणजे २ एप्रिल, जगभर आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो. आज या लेखकाचं आयुष्य थोडं सविस्तर पाहू या. कारण त्यात एक शाळा आहे, एक हेडमास्तर आहेत आणि एक तरुण शिक्षकही आहे. आपल्यासाठी खरा धडा तिथेच आहे.

चांभाराचा मुलगा

हॅन्सचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी ओडेन्स गावात झाला. वडील जोडे शिवायचे. आई लोकांचे कपडे धुवायची, तेही नदीच्या गार पाण्यात उभं राहून. घर म्हणजे एकच खोली. तिथेच झोपणं, तिथेच स्वयंपाक आणि तिथेच वडिलांचं जोडे शिवण्याचं सामान.

पैसा नव्हता, पण वडिलांना वाचनाचं वेड होतं. ते संध्याकाळी मुलाला अरबी सुरस कथा वाचून दाखवत. त्यांनी त्याला खेळण्यातलं एक छोटं नाट्यगृह करून दिलं होतं. हॅन्स कापडाच्या चिंध्या जमवून बाहुल्यांना कपडे शिवायचा आणि तासन्‌तास एकटाच नाटक करत बसायचा. उंच, हडकुळा, मोठ्या नाकाचा हा मुलगा गल्लीतल्या पोरांत मिसळायचा नाही. पोरं त्याला चिडवायची.

१८१६ साली वडील वारले. तेव्हा हॅन्स ११ वर्षांचा होता. आईने त्याला कापडाच्या कारखान्यात कामाला पाठवलं. त्याचा आवाज फार गोड होता. कामगार त्याला गाणं म्हणायला लावायचे. एक दिवस हा मुलगा नसून मुलगीच असणार असं म्हणत त्यांनी त्याला पकडलं आणि त्याची टिंगल केली. तो रडत घरी आला, तो पुन्हा तिथे गेलाच नाही.

एकट्याने गाठलेली राजधानी

१८१९ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, हॅन्स एकटाच कोपनहेगनला गेला. खिशात थोडेफार साठवलेले पैसे आणि डोक्यात एकच गोष्ट, नाटकात काम करायचं. त्याने राजधानीतल्या रॉयल थिएटरचं दार ठोठावलं. तिथे त्याला नकार मिळाला. मग सिबोनी नावाच्या इटालियन गायकाने त्याला गाणं शिकवायला घेतलं. पण वयात येताना आवाज फुटला आणि गाणंही गेलं. नाच शिकून पाहिला, तोही जमला नाही. मग तो नाटकं लिहून थिएटरकडे पाठवू लागला.

ती नाटकं चुकांनी भरलेली होती. पण थिएटरच्या कारभारी मंडळातल्या योनास कोलिन यांना त्या चुकांमागे काहीतरी दिसलं. या मुलाला नीट शाळा मिळालेली नाही, हे त्यांनी ओळखलं आणि राजाकडून त्याच्या शिक्षणाच्या खर्चाची सोय करून दिली.

सतरा वर्षांचा विद्यार्थी

आता इथे जरा थांबून वाचा. १८२२ साली हॅन्स स्लागेल्स गावातल्या शाळेत दाखल झाला. वय १७. वर्गातली बाकीची मुलं त्याच्यापेक्षा चारपाच वर्षांनी लहान. इतका उंच मुलगा लहान मुलांच्या रांगेत बसलेला डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे वयानुरूप प्रवेश मिळालेली किंवा मध्येच शाळा सुटून परत आलेली मुलं असतात ना, त्यांच्या चेहऱ्यावरचा संकोच आठवा.

शाळेचे हेडमास्तर मायस्लिंग हे विद्वान गृहस्थ होते. ग्रीक आणि लॅटिन भाषांचे जाणकार. पण या मुलाला ते भर वर्गात मूर्ख ठरवायचे. कविता लिहायला त्याला बंदी होती. पुढे हॅन्स त्यांच्याच घरी राहायला गेला आणि त्यांची बदली हेल्सिंगोरला झाली तेव्हा त्यांच्याबरोबर तिथेही गेला. म्हणजे शाळेतला अपमान घरीही संपेना. तिथे त्याने मरणाच्या दारातल्या एका मुलाच्या मनातलं बोलणारी कविता लिहिली. ती पुढे खूप गाजली, अनेक भाषांत गेली. हेडमास्तरांनी मात्र ती टाकाऊ ठरवली.

मग एक गोष्ट घडली. त्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला हे बघवेना. त्याने कोलिन यांच्याकडे जाऊन या मुलाला कसं वागवलं जातं ते सगळं सांगितलं. कोलिन यांनी १८२७ साली हॅन्सला तिथून काढलं आणि कोपनहेगनमध्ये खाजगी शिक्षक लावून दिला. पुढच्याच वर्षी तो परीक्षा पास झाला.

मुलगा तोच, अभ्यास तोच. फक्त जागा बदलली.

त्या वर्षांची जखम मात्र भरली नाही. अँडरसन म्हातारे झाले, राजेरजवाड्यांच्या पंगतीला बसू लागले, तरी मायस्लिंग त्यांच्या स्वप्नात येत राहिले. आपण वर्गात सहज बोलून जातो ते मुलाच्या मनात किती वर्षं टिकतं, याचा हा पुरावा आहे.

बोलल्यासारखं लिहिणारा लेखक

१८३५ साली अँडरसन यांची पहिली कादंबरी आली आणि त्याच वर्षी मुलांसाठी चार गोष्टींची एक छोटी पुस्तिका आली. वाटाण्यावर झोपलेल्या राजकन्येची गोष्ट त्यातलीच. काही समीक्षकांनी नाक मुरडलं. त्यांच्या दोन तक्रारी होत्या. एक म्हणजे भाषा पुस्तकी नाही, घरात बोलतात तशी आहे. दुसरी म्हणजे गोष्टीत उपदेश नाही. मुलांना मात्र नेमकं हेच आवडलं. घरची बोली घेऊन वर्गात येणाऱ्या मुलाची वही तपासताना ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

पिल्लाचा जन्म

१८४२ च्या उन्हाळ्यात अँडरसन सरदारांच्या वाड्यांवर पाहुणे म्हणून राहत होते. भोवती बागा, तळी, पाण्यावर हंस. तिथे या गोष्टीची कल्पना त्यांच्या मनात आली. एरवी भराभर लिहिणाऱ्या या लेखकाने ही छोटीशी गोष्ट पुरी करायला वर्षाहून जास्त वेळ घेतला. आधी त्यांच्या मनात गोष्टीच्या नावातच हंसाचं पिल्लू होतं. पण मग शेवट आधीच कळला असता, म्हणून त्यांनी नाव बदललं. ११ नोव्हेंबर १८४३ रोजी गोष्ट प्रसिद्ध झाली. त्या पुस्तकात चित्रं नव्हती. ती पुढे १८४९ मध्ये विल्हेल्म पेडरसन या नौदलातल्या अधिकाऱ्याने काढली. तेव्हापासून हे पिल्लू जगभरच्या चित्रपुस्तकांत फिरतं आहे.

आपण मुलांना सांगतो त्या छोट्या रूपात मूळ गोष्टीतला बराच भाग गळून जातो. पिल्लाला सगळ्यात जास्त त्रास शत्रू देत नाहीत. अंगणातल्या ओळखीच्या कोंबड्या आणि बदकं देतात. आई सुरुवातीला त्याची बाजू घेते. ते पोहतं बघून हे माझंच आहे म्हणते. पण सगळं अंगण बोलायला लागल्यावर तीही थकते आणि हे कुठेतरी दूर गेलं तर बरं, असं तिला वाटू लागतं. पालकांनो, हा भाग मुलांना सांगण्याआधी स्वतः वाचा.

पुढे पिल्लू एका म्हातारीच्या झोपडीत पोचतं. तिथे एक मांजर आणि एक कोंबडी राहतात. या घरात हुशार कोण, तर ज्याला अंडं घालता येतं किंवा लाडात येऊन गुरगुरता येतं तो. पिल्लाला यातलं काहीच येत नाही. त्याला पाण्यात डुबी मारावीशी वाटते. ते कोंबडीला खुळेपणा वाटतो. त्या कोंबडीच्या मनात वाईट काही नाही. ती आपल्या समजुतीप्रमाणे त्याचं भलंच बघते आहे. पण तिच्या प्रश्नपत्रिकेत पोहण्याचा प्रश्नच नाही!

आपल्या प्रगतिपुस्तकात कोणते रकाने आहेत आणि कोणते नाहीत, ते या झोपडीत उभं राहून तपासता येतं.

शेवट गोड, पण...

गोष्टीत वसंत येतो, पिल्लू पाण्यात स्वतःला बघतं आणि आपण हंस आहोत हे त्याला कळतं. अँडरसन यांच्या आयुष्यातही मानसन्मान आले. १८६७ साली ओडेन्स गावाने त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं, गावात रोषणाई केली. पण माणूस म्हणून ते शेवटपर्यंत वेगळेच राहिले. लग्न झालं नाही. आगीची इतकी भीती की प्रवासात खिडकीतून उतरण्यासाठी दोर बरोबर ठेवत. कोलिन कुटुंबाने त्यांना घरच्यासारखं वागवलं. पण कोलिन यांचा मुलगा एडवर्ड याच्याकडे त्यांनी आपण एकमेकांना तू म्हणू या अशी विनंती केली, तेव्हा त्याने ती नाकारली. तू आणि तुम्ही यातलं अंतर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ४ ऑगस्ट १८७५ रोजी अँडरसन गेले.

म्हणून या गोष्टीतून मुलांना काय द्यायचं, याचा विचार करायला हवा. तू एक दिवस हंस होशील, असं सांगणं सोपं असतं. पण प्रत्येक मूल देखणं किंवा प्रसिद्ध होणार नाही. आणि तोवर त्याने अंगणात चोची खात राहायचं का? पिल्लू हंस निघालं नसतं, साधं वेगळं बदकच असतं, तरी त्याला टोचणं चूकच होतं. हे वाक्य वर्गात मोठ्याने बोलायला हवं.

वर्गात काय करता येईल?

१. गोष्ट सांगताना मध्येच थांबा. अंगणात पिल्लाच्या बाजूने कोण बोलू शकलं असतं, ते मुलांना विचारा. त्या पात्राला नाव द्यायला सांगा.

२. झोपडीतल्या कोंबडीसारखे प्रश्न न विचारता प्रत्येक मुलाला स्वतःला काय करायला आवडतं ते चित्रात काढू द्या. चित्रांना क्रमांक देऊ नका.

३. अँडरसन गोष्ट सांगता सांगता मोठ्या कात्रीने कागद कापून हंस, नर्तकी, झाडं करत. तसं कागदकाम घ्या. रद्दी कागद चालतो.

४. मुलांना स्वतःचं एक वेगळं पात्र तयार करू द्या. उंट, कावळा, पेन्सिल, चप्पल, काहीही. अट एकच, शेवटी ते पात्र बदलता कामा नये. आजूबाजूचे बदलले पाहिजेत.

५. इयत्ता तिसरीच्या वरच्या मुलांना आई बदकाच्या बाजूने चार ओळी लिहायला सांगा.

शेवटी पुन्हा त्या तरुण शिक्षकाकडे येते. अँडरसन यांचं नाव जगभर झालं, हेडमास्तरांचं नावही त्यांच्यामुळे उरलं. तो शिक्षक मात्र कुणाच्या लक्षात नाही. त्याने केलं काय, तर एका मुलाचे हाल पाहिले आणि योग्य माणसाला जाऊन सांगितलं. यासाठी वेगळं साहित्य लागत नाही, प्रशिक्षणही लागत नाही. आपल्या शाळेच्या अंगणात असं एखादं पिल्लू आत्ता असेलच. उद्या परिपाठाला रांगा लागतील तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत नजर टाका.