शेठ वालचंद आणि आपला रस्ता

चाकूरला लातूर-नांदेड रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून बघा. एस.टी., ट्रक, उसाची ट्रॉली, बैलगाडी, ट्रिपल सीट मोटारसायकल, सगळे एकाच डांबरावरून. मोटारगाडी आपल्या देशातच बनली पाहिजे म्हणून जो माणूस हट्टाला पेटला, त्याचं पहिलं काम आपल्याच भागातलं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, १८८२. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. कॉलेज त्यांनी अर्धवट सोडलं (आपल्या ए.टी.के.टी.वाल्यांनी यातून भलता अर्थ काढू नये!). घरच्या धंद्यातही मन रमेना. मग पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या लक्ष्मणराव फाटकांशी भागीदारी केली आणि पहिलं कंत्राट घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेचं. येडशी ते तडवळे, जेमतेम सात मैल! हीच छोटी लाईन पुढे १९११ साली लातूरला पोचली. त्यानंतर बोरघाटातले बोगदे, सिंधिया कंपनीची जहाजं, बंगलोरचा विमान कारखाना... सगळं लिहायला मासिक पुरायचं नाही, म्हणून सरळ गाडीवर येतो.

तेव्हा मुंबईत जनरल मोटर्स बाहेरून सुटे भाग आणून गाड्या जोडायची. गाडी इथंच बनवायची योजना विश्वेश्वरय्यांनी मांडली होती, ती शेठजींनी उचलली. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालेलं, आणि इंग्रज सरकारला हा कारखाना काही गरजेचा वाटेना. तरी माणूस मागे हटला नाही. १९४४ ला प्रीमिअर ऑटोमोबाईल्स कंपनी निघाली, १९४७ ला कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ ला शेठजी गेले. मुंबईची टॅक्सी झालेली 'पद्मिनी' त्यांनी पाहिलीच नाही.

आता गंमत बघा. ज्या १९३९ साली ते गाडीसाठी अमेरिकेत हिंडत होते, त्याच साली मोटार वाहन कायदा झाला. डावीकडून चला, वळणावर ओव्हरटेक करू नका, असे त्यात साधे नियम. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, पण पुढे ते आपल्यालाही लागू झाले. गाडीसाठी एवढी भांडणं करावी लागली, नियम मात्र फुकट मिळाले. त्यातली गाडी तेवढी आपण घेतली. समोरचा अप्पर लावूनच अंगावर येतो, डिपर देईल तर शपथ! गाळपाच्या दिवसांत तर रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हा ब्रेक मारायलाही वेळ उरलेला नसतो.

शेठजींनी १९२६ ला सुरू केलेल्या बांधकाम कंपनीने, म्हणजे हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनने, पुढे वांद्रे-वरळी सी-लिंक बांधला. २००९ साली तो खुला झाला. त्यावर दुचाकी, रिक्षा आणि पायी चालणारे, सगळ्यांना बंदी. रस्ता वाटून घ्यायची भानगडच नको! मुंबईत हे चालून जातं, कारण खालून दुसरा रस्ता आहे. चाकूरला शेतातून निघालेल्या बैलगाडीला हाच एक रस्ता आहे, आणि मागचं बघायला तिला आरसा नसतो.