भास्कराचार्य व त्यांचीं शाब्दिक उदाहरणें

मांडून दिलेलें समीकरण आमचे बहुतेक विद्यार्थी बिनचूक सोडवितात. परंतु तेंच गणित शब्दांत विचारलें कीं पुष्कळांची लेखणी अडते. ही अडचण ओळखून आठशें वर्षांहूनही पूर्वीं ज्यानें उदाहरणें रचिलीं, अशा एका थोर गणितज्ञाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. सह्याद्रीजवळील विज्जडविड हें त्यांचें गांव. वडील महेश्वर ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरु होते. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि पूर्ण केला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानितात. लीलावती ही त्यांची कन्या असून तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरांत आढळते. आचार्यांच्या ग्रंथांत ती नाहीं.

लीलावतींतील एक यात्रेकरू आपल्या द्रव्याचें अर्ध प्रयागास देतो. उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, मग उरलेल्याचा चतुर्थांश वाटेंत जकातीस, व पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेस देतो. शेवटीं ६३ निष्क राहतात. येथें ‘उरलेल्याचा’ या शब्दाकडे दुर्लक्ष करून जो सर्व अपूर्णांक मूळ रकमेचे धरतो, त्याची बेरीज एकाहून अधिक होते. म्हणजे यात्रेकरूनें जवळ होतें त्याहून जास्त दिलें, असें ठरतें! प्रत्येक वेळीं काय उरलें तें पाहावें: १/२, त्याचे ७/९, त्याचे ३/४, त्याचे ४/१०. हा भाग ७/६० होतो. म्हणून मूळ द्रव्य ५४० निष्क.

बीजगणितांत आचार्य अज्ञात राशीस यावत्तावत् म्हणतात, व अनेक अज्ञात असल्यास काळा, निळा, पिवळा अशीं रंगांचीं नांवें देतात. परंतु अक्षरें व रंग हे केवळ साहाय्यक. खरें बीज म्हणजे बुद्धि, असें त्यांचें मत होतें. त्याचें प्रत्यंतर माकडांच्या उदाहरणांत येतें. कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून जी संख्या येईल तिच्या वर्गाइतकीं माकडें गुहेंत गेलीं, आणि १ फांदीवर दिसलें. समीकरण ५० व ५ अशीं दोन उत्तरें देतें. ५० चा पंचमांश १०, त्यांतून ३ गेले ७, त्याचा वर्ग ४९, व १ मिळून ५०, हें जुळलें. ५ चा पंचमांश १. त्यांतून ३ वजा केल्यास ऋण २ येतात. वर्ग करतांच ऋणचिन्ह लोपतें व समीकरण जुळतें. पण ऋण माकडें कोणीं पाहिलीं आहेत? म्हणून आचार्यांनीं ५ त्याज्य ठरविले. तथापि मोठेंच उत्तर घ्यावें, असा नियम मात्र कोणीं करूं नये. कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग खेळत आहे व १२ बाकी आहेत, या दुसऱ्या उदाहरणांत ४८ आणि १६ हीं दोन्ही उत्तरें त्यांनीं मान्य केलीं आहेत.

इ. स. ११८३ मध्यें, वृद्धपणीं, त्यांनीं करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पुढें त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता, त्यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिला; तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणला. लीलावतीचें टेलरकृत इंग्रजी भाषांतर १८१६ सालीं मुंबईस छापलें गेलें.

विद्यार्थ्यांनीं यांतून घ्यावयाचें तें इतकेंच. प्रश्न दोनदां वाचावा. कोणता भाग कशाचा, तें ठरवावें. आणि उत्तर आल्यावर तें समीकरणांत नव्हे, मूळ प्रश्नाच्या शब्दांत घालून पाहावें. समीकरण मांडतांनाच चूक झाली असेल, तर समीकरण ती कधींच दाखविणार नाहीं. घरीं अभ्यास घेणाऱ्या पालकांनींही उत्तर बरोबर आहे का, एवढेंच न विचारतां, तें पडताळून पाहिलेंस का, असें विचारावें.