सरखेल कान्होजी आंग्रे

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यात श्रीगणेश पंचायतनाचे जे मंदिर भाविक पाहतात, ते राघोजी आंग्रे यांनी इ. स. १७५९ मध्ये बांधले. राघोजींचे आजोबा म्हणजेच मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे.

हे घराणे मूळचे संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडीवरून त्यांस आंग्रे हे नाव पडले. कान्होजींचे पिता तुकोजी हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते. इ. स. १६९८ मध्ये सिधोजी गुजर निवर्तल्यावर सरखेलपद कान्होजींकडे आले. मोगलांच्या स्वारीने राज्य खिळखिळे झालेल्या त्या काळात त्यांनी सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा यांच्या आधाराने आरमार पुन्हा उभे केले. त्यांचे दस्तक घेतल्याविना कोकण किनाऱ्यावरून व्यापार करू नये, असा त्यांचा दंडक होता. इंग्रज त्यांस चाचा म्हणत. स्वतःच्या समुद्रावर कर घेणाऱ्यास चाचा ठरविणे हा परक्यांचा सोयीचा न्याय होय. इ. स. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले.

या आरमाराचे बळ जहाजांच्या आकारात नव्हते. परकीयांची जहाजे उंच व खोल तळाची असून त्यांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींस असत. कान्होजींची गुराबे उथळ तळाची होती. ती शत्रूच्या पिछाडीस, जेथे त्याच्या फारच थोड्या तोफा चालत, तेथे येऊन नाळेवरील तोफांनी शिडे व डोलकाठ्यांवर मारा करीत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढून नेत. शत्रूचे जहाज पांगळे झाले म्हणजे याच गलबतांतील शिपाई त्यावर चढत. प्रसंग बिकट दिसल्यास सारा तांडा खाडीत, किल्ल्याच्या तोफांच्या आश्रयाला जाई.

इंग्रजांनी इ. स. १७१७ मध्ये विजयदुर्गावर व पुढील वर्षी खांदेरीवर हल्ला केला, दोन्ही फसले. इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र होऊन याच कुलाब्यावर चालून आले. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय जातीने हजर होता. तथापि बाजीराव पेशवे फौजेनिशी कुमकेस आले, पोर्तुगीजांनी १७२२ च्या आरंभी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांस रिकाम्या हाती मुंबईस परतावे लागले. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला.

धावडशीचे श्रीब्रह्मेंद्रस्वामी यांच्यावर कान्होजींची निस्सीम श्रद्धा होती.

इ. स. १७२९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे पुत्रांत कलह माजला आणि १७३५ मध्ये आरमार कुलाबा व विजयदुर्ग असे विभागले गेले. परक्यांना जे साधले नव्हते ते घरच्या भांडणाने सुकर केले. १७५६ मध्ये पेशवे व इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांविरुद्ध मोहीम काढली, तीत विजयदुर्गाचे आरमार जळून गेले. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळास आंग्रे हे नाव दिले.

कान्होजींची समाधी अलिबाग शहरात आहे. ओहोटी असेतोवर किल्ल्यातून परतून भाविकांनी तेथेही अवश्य दर्शन घ्यावे.