मराठीला इंडेंट करणारा मेजर

हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता भांडण कशावरून होतं? मेसच्या भाजीवरून नाही, टॅब द्यायचा की चार स्पेस यावरून! लिनक्सवर इंडेंट नावाची एक कमांड आहे. 1976 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ती पहिल्यांदा लिहिली गेली. सी भाषेतला कितीही गचाळ प्रोग्राम तिला द्या, ती कंस, ओळी, समास सगळं जागच्या जागी लावून देते. गंमत म्हणजे कंपायलरला याचं काहीच पडलेलं नसतं. अख्खा प्रोग्राम एका ओळीत कोंबला तरी तो बहुतेक वेळा मुकाट्याने चालवतो. हा सगळा खटाटोप वाचणाऱ्या माणसासाठी.

मराठीसाठी हाच खटाटोप एका इंग्रज मेजरने केला. थॉमस कँडी. शाळेत एका मार्काच्या प्रश्नात भेटलेला हा माणूस. आम्ही कॉन्व्हेंटवाले, मराठी आमचा घाबरायचा विषय, त्यामुळे तेव्हा नाव पाठ केलं आणि सोडून दिलं.

कँडीचा जन्म इंग्लंडमध्ये 1804 चा. 1822 मध्ये जुळा भाऊ जॉर्जसोबत तो हिंदुस्थानात आला, कंपनी सरकारच्या फौजेत. म्हणजे वय आपल्या फर्स्ट इयरवाल्यांएवढं! फौजेत राहून दोघं भाऊ मराठी शिकले आणि मोल्सवर्थसाहेबाच्या शब्दकोशाच्या कामाला लागले. तो मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला. पुढे प्रकृती बिघडल्यामुळे मोल्सवर्थ मायदेशी परतला आणि इंग्रजी-मराठी कोशाचं अर्धवट काम कँडीच्या गळ्यात पडलं. ते त्याने 1847 मध्ये पुरं केलं. मधल्या काळात पुण्याच्या विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेची देखरेखही त्याच्याकडे आली.

तेव्हाची मराठी दिसायची कशी? मोडी कागद बघा. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरांची न तुटणारी माळ. शब्द कुठे संपला, वाक्य कुठे थांबलं, हे ज्याचं त्याने ओळखायचं. पोथ्यांत दंड असायचा, पण स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह वगैरे मंडळी नव्हती. मुरलेल्या कारकुनाला अडचण नव्हती, कारण भाषा त्याच्या कानातच होती. अडचण बाहेरून आलेल्याला. माझ्या मते कँडीला ही उणीव दिसली ती यामुळेच. 1850 मध्ये त्याने विरामचिन्हांची परिभाषा हे छोटं पुस्तक काढलं आणि कोणतं चिन्ह कुठे द्यायचं ते मराठीत समजावून सांगितलं.

याची किंमत मला नीट कळली ती सेमाडोहला. आमचा एनएसएसचा कॅम्प होता, सिपना नदीच्या काठाला. तिथल्या पोरांची घरची भाषा कोरकू, मराठी शाळेत आल्यावरची. पाचवीतली एक मुलगी धडा वाचून दाखवत होती. स्वल्पविरामाला अर्धा श्वास, पूर्णविरामाला पूर्ण. काय ठसक्यात वाचत होती! मग भिंतीवर रंगवलेली चार ओळींची सूचना तिने वाचायला घेतली. तिच्यात एकही चिन्ह नव्हतं. शब्द सगळे येत होते, तरी पोरगी अडकली. तिथे एसटीची वाट बघताना आम्ही तिला एक वाक्य घालून दिलं: गाडी थांबली नाही गेली. स्वल्पविराम नाहीच्या आधी दिला तर गाडी उभी आहे. नंतर दिला तर बसा आता बोंबलत!

म्हणजे कँडीचं काम इंडेंटपेक्षा जोखमीचं. इंडेंट प्रोग्रामचा अर्थ बदलत नाही, बदलला तर ते टूल फेकून द्यायच्या लायकीचं. इथे एक टिंब सरकलं की अर्थ पालटतो. आणि पीनल कोडचा मराठी तर्जुमा याच कँडीच्या हातून झालेला. तिथे स्वल्पविराम चुकला तर काय, विचार करा.

पण हा गृहस्थ फक्त चिन्हांवर थांबला नाही, आणि इथे माझं त्याच्याशी पटत नाही. शिक्षणखात्यात मराठी भाषांतराचा कारभार त्याच्याकडे होता. शाळेची पुस्तकं त्याच्या नजरेखालून जायची. कोणतं वाक्य शुद्ध, कोणतं अशुद्ध, याचा निवाडा साहेबाचा. पुस्तकी मराठीला इंग्रजी वळण लागत गेलं. 1874 मध्ये निबंधमाला सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी या वळणावर सडकून टीका केली. ती मला पटते. फॉर्मॅटरने समास लावावा, लॉजिक आपल्या मनाने लिहायला बसू नये. तरी एक खरं, चिपळूणकरांची ती झणझणीत वाक्यंसुद्धा स्वल्पविराम आणि पूर्णविराम घेऊनच छापली गेली.

कँडी 1877 मध्ये वारला. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, मराठीने टिंब घेतलं. सेमाडोहहून धारणी ओलांडून मध्य प्रदेशात शिरा आणि तिथलं शाळेचं पुस्तक उघडा. लिपी तीच, पण प्रत्येक वाक्यापुढे दंड उभा असतो.